पोट उतरले म्हणजे रोग गेला नव्हे!
अंडाशयाचा कॅन्सर पोटात कसा पसरतो, हे घराघरात समजले पाहिजे

कापसाची वेचणी सुरू झाली की मारेगाव तालुक्यातील आमच्या आयाबहिणींना आजारी पडायलाही सवड नसते. मजुरी किलोवर. जेवढा कापूस वेचाल तेवढाच पैसा. एक दिवस खाडा पडला की आठवडी बाजाराचे गणित चुकते. मग ताप असो, कंबर दुखो की पोट फुगो, 'वेचणी झाल्यावर पाहू' या एका वाक्यावर सारे ढकलले जाते. या वाक्याने किती जणींचा घात केला असेल, त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच हंगामात आमच्या वस्तीतील एक मावशी संध्याकाळच्या वेळी दारात आल्या. अर्ज लिहून घ्यायला, कागद वाचून घ्यायला लोक आमच्याकडे येत असतात, तशाच त्याही आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट आणि नागपूरच्या एका दवाखान्याचे कार्ड. आम्ही कागद तारखेप्रमाणे लावले आणि सारी हकीकत आपोआप उलगडत गेली.

आदल्या उन्हाळ्यात पोट फुगायला लागले. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटे. लघवीला वारंवार जावे लागे. एका खासगी डॉक्टरने चार महिने गॅसच्या गोळ्या दिल्या. शेजारणी म्हणाल्या, कोणीतरी करणी केली. हातपाय काड्यांसारखे झाले आणि साडीच्या निऱ्या मात्र कमी पडू लागल्या, तेव्हा कुठे यवतमाळला सोनोग्राफी झाली. पोटात पाणी निघाले. नागपूरला निदान झाले, अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन केमो झाले. पोट उतरले, भूक लागली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. कार्डावर ती तारीख लिहिलेली होती. तिला चार महिने उलटून गेले होते.

"मावशी, तारखेला गेल्या का नाहीत?" आम्ही विचारले.

"पोट उतरलं ना भाऊ. भूक लागे, काम होये. घरचे म्हणे, आता बरी झाली, हत्यार कायले लावाचं? हत्यार लागलं का तो रोग अंगभर पसरते म्हणते."

पोट पुन्हा भरून आले होते. आम्ही नवा अर्ज लिहून दिला. पुन्हा नागपूर झाले. पण पुढचा पोळा मावशींनी पाहिला नाही.

मावशींच्या त्या वाक्याला त्या संध्याकाळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा रोग खरोखर हत्याराने पसरतो काय? नाही, तर मग कशाने पसरतो? पोट उतरल्यावर तो जातो कोठे आणि परत येतो कोठून? पुढे आम्ही डॉक्टरांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. जे समजले ते आमच्या साध्या भाषेत वाचकांपुढे ठेवत आहोत. आम्ही जमाखर्चाच्या शाखेतली माणसे. म्हणून उदाहरणे वहीची आणि वावराचीच येतील.

रोग नेमका कोठला?

बाईच्या पोटात गर्भाशय असते, त्याला आपण 'पिशवी' म्हणतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. अंडाशयातून निघालेले बीज पिशवीपर्यंत आणणाऱ्या दोन नळ्या असतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि अंडाशयाचा वेगळा. पिशवीच्या तोंडाची तपासणी अवश्य करून घ्यावी. पण ती निर्दोष आली म्हणून अंडाशय निर्दोष ठरत नाही. त्याचप्रमाणे 'माझी पिशवी काढली आहे, मला आता कसली भीती?' असे म्हणणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. पिशवी काढताना अंडाशये बऱ्याचदा जागेवरच ठेवलेली असतात. आपली काढली की ठेवली, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद जपून ठेवावा.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि पिशवीचे तोंड यांच्या पाठोपाठ या कॅन्सरचा क्रमांक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ३३ हजार दगावतात. निम्म्याहून अधिक रुग्ण रोग पोटभर पसरल्यावरच दवाखान्यात पोहोचतात. एवढी प्राणहानी होते ती यामुळेच.

या रोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत उघड झाले. नळीचे अंडाशयाकडचे टोक झालरीसारखे असते. त्या झालरीतील एखादी पेशी आधी बिघडते आणि मग अंडाशयावर जाऊन वाढते.

पेशी बिघडते म्हणजे काय होते? शरीरातील प्रत्येक पेशीजवळ एक मोठी वही असते. तिला डीएनए म्हणतात. एका पेशीच्या दोन होताना या वहीची नक्कल काढावी लागते. नक्कल करताना चुका होतातच. त्या पकडण्यासाठी 'पी-५३' नावाचे प्रथिन हिशेब तपासनिसासारखे बसलेले असते. चूक दिसली की ते काम थांबवते आणि चूक दुरुस्त होण्याजोगी नसेल तर त्या पेशीला मरण्याचा हुकूम देते. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी या घातक प्रकाराच्या ४८९ गाठी तपासल्या. २०११ साली निष्कर्ष आला की १०० पैकी ९६ गाठींमध्ये पी-५३ चेच जनुक बिघडलेले होते. म्हणजे तपासनीसच गेला! मग चुकांवर चुका साचतात आणि पेशी बेबंद वाढू लागते.

पहिली पायरी : सुटणे

बेबंद वाढ झाली तरी ती एका जागी राहिली, तर सर्जन ती काढून टाकू शकतो. माणूस मरतो तो रोगाच्या पसरण्याने. ते पसरणे तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी सुटण्याची.

आपल्याकडच्या कुडाच्या भिंती आठवा. तुराट्या एकीला एक लावून बांधलेल्या असतात. बांध घट्ट आहे तोवर भिंत उभी. शरीरातील अस्तराच्या पेशीही अशाच एकमेकींना बांधलेल्या असतात. तो बांध म्हणजे 'ई-कॅढेरिन' नावाचे प्रथिन. कॅन्सरपेशीत हा बांध सैल होतो. सैल करणाऱ्या प्रथिनांपैकी दोघांची नावे मोठी गमतीची आहेत. एक 'स्नेल' आणि दुसरे 'स्लग', म्हणजे शंखवाली गोगलगाय आणि बिनशंखाची गोगलगाय.

ही दोघे मुळात वाईट नव्हेत. आईच्या पोटात बाळ घडताना काही पेशींना जागा सोडून दुसरीकडे जावे लागते. तेव्हा हीच प्रथिने बांध सैल करून त्यांना वाट देतात. काम झाले की गप्प बसतात. कॅन्सरपेशी हा जुना हुकूम पुन्हा जागा करते आणि त्याचा गैरवापर करते. बांध सैल होतात, पण सगळे तुटत नाहीत. म्हणून पेशी एकट्यादुकट्या सुटतात तशा घोळक्यानेही सुटतात आणि पोटाच्या पोकळीत पडतात.

दुसरी पायरी : तरंगणे

निरोगी पेशी आपली जागा सोडून बाहेर पडली तर ती जगत नाही. आधार सुटला की ती स्वतःच मरून जाते. शास्त्रज्ञांनी या मरणाला ग्रीक भाषेतून नाव दिले आहे, 'अनोइकिस'. त्याचा अर्थ बेघर होणे. शरीराची ही फार शहाणी व्यवस्था आहे. कारण कोणत्याही पेशीने कोठेही जाऊन घर करायचे ठरवले, तर शरीर चालायचे कसे?

अंडाशयाच्या कॅन्सरपेशी या मरणाला चुकवतात. त्या एकमेकींना धरून छोटे छोटे गोळे करतात. गोळ्यातल्या पेशींना एकमेकींचा आधार मिळतो आणि आतल्या पेशींपर्यंत औषधही नीट पोहोचत नाही. हे गोळे पोटातल्या पाण्यात तरंगत राहतात.

हे पाणी येते कोठून? पोटाच्या पोकळीत ओलावा असतोच, त्यामुळे आतडी एकमेकांवर घासत नाहीत. कॅन्सरपेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. शिवाय हे पाणी शोषून घेणाऱ्या श्वासपटलाखालच्या वाटा कॅन्सरपेशींनी बुजतात. विहिरीला झरे वाढले आणि उपसा बंद झाला, तर विहीर भरणारच. तसे पोट भरते. मावशींच्या निऱ्या कमी पडत होत्या त्या या पाण्याने.

हे पाणी एका जागी थांबत नाही. आपण श्वास घेतो, आतडी हलतात, तसे ते ओटीपोटातून वर उजव्या बाजूने श्वासपटलापर्यंत जाते आणि परत खाली येते. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी सगळ्या वावरात जावे, तसे हे गोळे पोटभर फिरतात. बहुतेक कॅन्सर दूर जायला रक्ताची वाट धरतात. हा मात्र मुख्यतः पोटातल्या पोटातच पाण्यावरून पसरतो. रक्तावाटेही तो जाऊ शकतो, पण त्याचा हमरस्ता पाण्याचा.

तिसरी पायरी : रुजणे

बी पडले म्हणून उगवतेच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मातीही मानवावी लागते. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हाच विचार कॅन्सरला लावला. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून त्यांनी सांगितले की कॅन्सरचे बी सगळीकडे जाते, पण रुजते ते मानवेल त्या मातीतच. पुढे १९८४ साली इंग्लंडमधील डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. काही रुग्णांच्या पोटात सारखे पाणी होत असे. त्यांना आराम मिळावा म्हणून एक नळी बसवून ते पाणी परत रक्तात सोडले जाई. त्या पाण्याबरोबर असंख्य कॅन्सरपेशी रक्तात जात. तरीही त्यांतल्या अनेकांच्या शरीरात इतरत्र नव्या गाठी झाल्या नाहीत. बी गेले, पण माती मानवली नाही.

अंडाशयाच्या कॅन्सरला मानवणारी माती पोटातच असते. आतड्यांच्या पुढे पदरासारखा लोंबणारा एक चरबीचा पडदा असतो. हा रोग त्या पदरावर हमखास बसतो. तेथे त्याला चिकटायला गोंद लागतो. कॅन्सरपेशीवर एक लांबलचक प्रथिन असते, ते पोटाच्या अस्तरावरील 'मेसोथेलिन' या प्रथिनाला जाऊन चिकटते. या लांब प्रथिनाचे नाव वाचकांपैकी कोणीतरी रिपोर्टवर वाचले असेल. 'सीए-१२५'! रक्तात जे मोजतात ते हेच. म्हणजे ज्या आकड्याने डॉक्टर रोगाचा अंदाज घेतात, तो आकडा रोगाच्या गोंदाचाच आहे.

एकदा चिकटले की पेशींचा गोळा अस्तराच्या पेशींना ओढून बाजूला सारतो आणि खाली शिरतो. तेथे चरबीच्या पेशी असतात. शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले की या चरबीपेशी कॅन्सरपेशींना रासायनिक खुणेने आपल्याकडे ओढतात आणि वर आपली साठवलेली चरबी त्यांना खायला पुरवतात. आयते खत! मग गाठी वाढतात, पदराचा कडक थर होतो, आतडी आवळली जातात, अन्न जात नाही. रुग्ण वाळत जातो आणि पोट मात्र वाढत जाते.

ना करणी, ना नजर, ना कोणाचा शाप. बांध सुटला, पाणी झाले, बी वाहिले, रुजले. प्रत्येक पायरीला कारण आहे आणि ते प्रयोगशाळेत दाखवता येते.

पुण्यात सापडलेला धागा

आता मावशींचे पोट उतरूनही परत का भरले, त्याकडे येऊ. या प्रश्नावर मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्यात, आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही संस्था आहे. तेथील डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग बळावलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या पोटातले पाणी घेतले. जे पाणी दवाखान्यात उपसून फेकून देतात, त्यातल्या पेशी त्यांनी वेगवेगळ्या वाढवून पाहिल्या. त्यांत तऱ्हतऱ्हेच्या पेशी होत्या. पण नवी गाठ तयार करण्याची ताकद असलेला पेशींचा वंश सुरुवातीला एकच निघाला. काम चालू असतानाच आणखी एक वंश आपोआप तसा बनला. हे दोन्ही वंश तरंगत गोळे करत. प्राण्यांमध्ये घातले तर माणसाच्या रोगासारखीच गाठ करत. त्या गाठीतल्या पेशी दुसऱ्या प्राण्यात घातल्या, तर तेथेही पुन्हा गाठ होई. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. अंडाशयाच्या कॅन्सरलाही 'मूळपेशी' असतात, या विचाराला त्याने मोठा आधार दिला.

याच संस्थेतून २००९ साली पुढचा धागा आला. बांध सैल करणारी ती दोन प्रथिने, स्नेल आणि स्लग, पेशीला नुसती सुटायला मदत करत नाहीत. केमो आणि किरणांच्या माऱ्यात पेशीने मरावे असा जो हुकूम पी-५३ कडून सुटतो, त्यालाही ती आडवी येतात आणि पेशीला मूळपेशीसारखे गुण देतात. म्हणजे ज्या युक्तीने पेशी पळते, त्याच युक्तीने ती औषधातूनही वाचते.

निंदण करणाऱ्या भगिनींना हे लगेच समजेल. वावरातला लव्हाळा वरून उपटला की रान स्वच्छ दिसते. पण जमिनीत गाठ राहिली असेल तर एका पावसाने तो पुन्हा वर येतो. केमोने वरचे तण मरते. पेशींची संख्या घटते, पाणी आटते, पोट उतरते, भूक लागते. बाई म्हणते, बरी झाले. पण उरलेल्या गाठींत औषधाला न जुमानणाऱ्या पेशी दडलेल्या असतात. तीन केमोनंतर जी ऑपरेशनची तारीख मिळते, ती त्यांच्यासाठीच असते. त्यानंतरचे केमो ऑपरेशनमध्ये हाती न लागलेल्यांसाठी असतात. मावशींनी अर्धी निंदणी करून वावर सोडले होते. त्यात दोष त्यांचा नव्हता. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

हत्यार लागल्याने पसरतो काय?

आता त्या वाक्याचे उत्तर. रोग पोटात पाण्यावरून आधीच पसरलेला असतो. हत्यार त्याला पसरवत नाही. उलट ऑपरेशनमध्ये अंडाशये, नळ्या, पिशवी, चरबीचा पदर आणि दिसेल ती गाठ काढतात. डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे राहिली नाही, तर रुग्णाचे आयुष्य सर्वांत जास्त वाढते. ऑपरेशन या उपचाराचा कणा आहे.

मग हा समज आला कोठून? लोक उशिरा येतात. पोट उघडले तेव्हा रोग सगळीकडे दिसतो. काही ठिकाणी सर्जनला काही करता न आल्याने तसेच टाके घालावे लागतात. दोन महिन्यांत माणूस जातो. घरच्यांनी हत्यार पाहिलेले असते. त्याआधीचे आठ महिने मात्र कोणी पाहिलेले नसतात. म्हणून दोष हत्याराच्या माथी बसतो.

या समजात एक कण मात्र खरा आहे. रोग अजून एका अंडाशयापुरताच असेल, तर ती गाठ न फोडता अखंड काढावी लागते. फुटली तर आतले बी पोटात सांडू शकते. म्हणून अंडाशयाच्या संशयास्पद गाठीत कोणी घाईने सुई घालून पाणी काढू म्हणत असेल, तर थांबावे आणि कॅन्सरच्या सर्जनला दाखवावे. ऑपरेशनला नाही म्हणू नये. ते जाणत्या हाताने व्हावे, एवढाच आग्रह धरावा.

घराने काय करावे?

या रोगासाठी निरोगी बाईची सरसकट चाचणी करून उपयोग होतो काय, हे इंग्लंड-वेल्सच्या बाजूला दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे तपासले गेले. २०२१ साली अंतिम निष्कर्ष आला की सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या अशा तपासणीने मृत्यू घटले नाहीत. म्हणजे आगाऊ पकडणारी खात्रीची चाचणी आज नाही. आपल्या हाती आहे ते शरीराचे बोलणे वेळीच ऐकणे.

चार खुणा लक्षात ठेवाव्यात. पोट फुगलेले राहणे. दोन घासांत पोट भरणे. ओटीपोटात किंवा पोटात दुखणे. लघवीला वारंवार किंवा घाईने जावे लागणे. या तक्रारी कधीमधी सगळ्यांनाच होतात. पण नव्याने सुरू झाल्या, जवळजवळ रोज होऊ लागल्या आणि दोन-तीन आठवड्यांत गेल्या नाहीत, तर गॅसची गोळी पुरे. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत म्हणावे, 'माझ्या अंडाशयाची सोनोग्राफी करा.' पाळी गेलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या बाईने तर मुळीच थांबू नये. हे मागणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

सीए-१२५ वाढला म्हणून लगेच हायही खाऊ नये. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, काही साध्या आजारांत तो वाढतो. पोटाच्या क्षयातही पोटात पाणी होते आणि हा आकडा चढतो. क्षय औषधाने बरा होतो. दोन्हींपैकी काहीही असले तरी नीट तपासणीला पर्याय नाही.

घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा किंवा तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. 'बीआरसीए' नावाची दोन जनुके डीएनएच्या वहीतली फाटलेली पाने जोडतात. १९९४ आणि १९९५ साली ती सापडली. त्यांतला दोष पिढीजात येतो आणि तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. म्हणून 'सुनेच्या माहेरचा रोग' म्हणून बोट दाखवणाऱ्या घरांनी आपलाही वंश पाहावा. असा दोष असलेल्या रुग्णांना उपयोगी पडणारी नवी औषधे २०१४ पासून आली आहेत. रक्ताच्या तपासणीत तो दोष कळला, तर लेकीबहिणींना आधीच सावध करता येते. आणि एक. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनने कॅन्सर होतो, अशी कुजबुज वस्त्यांत चालते. नळी बांधलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण उलट कमी आढळले आहे.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने आणि केमो येतात. २०२३ साली शासनाने या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे आणि योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी विचारावी. मारेगावहून निघालेल्या माणसाला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे मेडिकल आणि तेथील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे माहीत असावीत.

पण योजनेचा पैसा मजुरीचा खाडा भरून देत नाही. एसटीच्या तिकिटाचे, सोबत जाणाऱ्याच्या दोन दिवसांचे काय? येथे वस्तीचे काम आहे. बचत गटाने एका रुग्णामागे एक सोबतीण ठरवावी. केमोच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. तारीख आली की दोन घरांनी मिळून तिची चूल आणि लेकरे पाहावीत. सहा केमो आणि एक ऑपरेशन म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचा हिशेब होतो. लग्नाच्या वरातीला चार दिवस काढणारी वस्ती एवढे करू शकत नाही, असे आम्हांस वाटत नाही.

मावशींचे ते कार्ड त्यांच्या लेकीने आम्हांला परत आणून दिले. चुकलेली तारीख अजून त्यावर आहे. आता कोणी भगिनी कागद वाचून घ्यायला आली, की आम्ही आधी पुढची तारीख शोधतो आणि विचारतो, "या तारखेला तुमच्यासोबत कोण जाणार?"

हाच प्रश्न आज आपापल्या घरात विचारावा. या आठवड्यात आपल्या आईला, सासूला, बहिणीला एवढेच विचारा : "पोट फुगल्यासारखे वाटते काय? किती दिवसांपासून?" ती म्हणेल, 'वेचणी झाल्यावर पाहू.' तेव्हा ऐकू नका. कापूस चार दिवस झाडावर थांबतो. हा रोग थांबत नाही.